बारा नळ्या आणि रिकामा हौद

"बाहेर कशाला पाठवायचं शेठ? नळी आपली, जोड आपला, भट्टी आपली! मी करतो ना!"

ब्याण्णव सालच्या जानेवारीत, भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात सहादेवने छाती फुगवून हे सांगितलं. सहादेव स्टेनलेस स्टीलचा वेल्डर. त्याच्या जोडावर बोट फिरवलं, तर एक नळी कुठे संपली नि दुसरी कुठे सुरू झाली, कळायचं नाही! पण जोडलेल्या नळ्या भट्टीत तापवून पाण्यात विझवायचं काम आजवर ठाण्याला जायचं. आता एका बॉयलरच्या बारा नळ्या आल्या होत्या, आणि गाळ्याचे मालक जयंतीशेठ म्हणाले होते, "जमलं तर भट्टीचा फोरमन तू!"

भट्टी पेटवायच्या दिवशी सकाळी घरी त्याचं भाषण सुरू झालं.

"लालभडक झाल्या की झटकन पाण्यात! वाटेत रेंगाळल्या की मेल्या! वरून चकाचक दिसतील, पण जोडापाशी आतून गंज खाणार!"

त्याची बायको पंचशीला भाकरी थापत होती. एवढ्या भाषणातला तिने एकच शब्द उचलला.

"पाणी? कुठलं पाणी?"

"टँकर मागवलाय. दहाला येतोय. गाळ्यामागचा हौद काठोकाठ भरणार!"

गाळ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या त्यांच्या चाळीच्या नळाला चार दिवस थेंब नव्हता. आपला नवरा सरळ 'या, भरून न्या' म्हणायचा नाही, आडूनच सुचवणार, अशी पंचशीलाची समजूत. तो गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत तिने शेजारच्या तुळसाबाईंच्या कानावर घातलं. म्हणजे दवंडीच पिटली म्हणा ना!

इकडे भट्टीचा काटा एक हजार पन्नास अंशांवर. समोर तपासणीला आलेले सावंतसाहेब. टाय लावलेले, हसू घरी ठेवून आलेले. ते एकदा काट्याकडे बघायचे, एकदा घड्याळाकडे. सहादेवच्या कपाळावर जानेवारीत घाम!

"वेळ झाली," साहेब म्हणाले. "काढा बाहेर."

सहादेव ऐटीत मागे गेला आणि त्याने हौदावरचा पत्रा सरकवला. तळाशी एक लाल प्लास्टिकचा मग पडला होता. पाणी? टिपूस नाही!

"नाथाऽऽ! पाणी कुठे गेलं?"

नाथा म्हणजे गाळ्याचा वॉचमन, जवळच्या डोंगरी गावचा. शांतपणे म्हणाला, "बायांनी नेला. त्या बोलल्या, सहादेवनी सांगितलाय. मना काय माहीत?"

मागून जयंतीशेठ आले. "सहादेव, पाणी क्यां छे?"

"आलं शेठ! साहेब, नळ्या जरा मुरू द्या!"

"मुरू द्या? लोणचं आहे का ते?"

पण सहादेव तोवर चाळीत पोचला होता. पायांत बूट, हातांत कोपरापर्यंत हातमोजे, कपाळावर काळा चष्मा. बायकांना वाटलं, आग लागली!

"पाणी परत द्या! सगळं! आत्ता!"

"आठ दिवसांनी डोकं धुतलंय मी," तुळसाबाई ओले केस झटकत म्हणाल्या. "परत काय पिळून देऊ?"

सहादेव नुसताच भट्टीच्या धुराड्याकडे बोट दाखवत उभा राहिला. पंचशीलाने त्याचा चेहरा पाहिला, आणि सकाळचं सगळं भाषण तिच्या डोक्यात लख्ख झालं. तिने पदर खोचला.

"अगं बायांनो, नळ्या रेंगाळल्या की मेल्या! उचला हंडे!"

पुढची पंधरा मिनिटं भाईंदरमध्ये कधी झाली नसेल अशी मिरवणूक झाली. हंडे, कळश्या, बादल्या, एक कुकर! रिकामा हौद निम्म्याच्या वर आला. भट्टीचं दार उघडलं, सहादेवने जाळी ओढली आणि बारा लालभडक नळ्या पाण्यात गेल्या. फस्सऽऽ! वाफेचा ढग उठला, बायका किंचाळल्या, नि मग टाळ्या!

सावंतसाहेबांनी चष्मा पुसला. तपासणी तासभर चालली. सहादेव नखं खात उभा.

"नळ्या आत जास्त वेळ राहिल्या," साहेब म्हणाले. "धातूच्या आतला कण, म्हणजे दाणा, थोडा मोठा झालाय."

सहादेवने डोळे मिटले.

"पण या नळ्या जन्मभर आगीतच राहणार. त्यांना मोठा दाणाच मानवतो. पास!" आणि निघताना साहेब चक्क हसले. "कुकर कुणाचा होता हो?"

संध्याकाळी सहादेव पेढे घेऊन चाळीत आला. पहिला पेढा त्याने पंचशीलाच्या हातावर ठेवला. सगळ्या बायका दारात जमल्या. गंमत म्हणजे सगळ्यांचे केस ओले, चेहरे तुकतुकीत! त्याने घसा खाकरला.

"तुमच्यामुळे मी आज फोरमन झालो!"

"ते असू दे," तुळसाबाई पेढा तोंडात टाकत म्हणाल्या. "नळ्या काढल्यावर हौदातलं पाणी काय झकास तापलं होतं! रॉकेल न जाळता अख्ख्या चाळीची अंघोळ झाली. उद्याचं गरम पाणी किती वाजता?"