जास्वंदीचा उभा छेद

टेंभरेमामा माणसाचे चित्र काढतात तेव्हा नाकाला एक बाण जोडतात आणि त्या बाणापुढे, उजव्या समासात, सुवाच्य अक्षरांत 'नाक' असे लिहितात. मग डोळा, कान, हनुवटी. सगळी नावे एकाखाली एक, सगळ्या रेघा समांतर, कोणतीही रेघ दुसरीला छेदत नाही. खाली मध्यभागी शीर्षक आणि त्याखाली प्रमाण: 'मूळ आकाराच्या निम्मे'.

यात विनोदाचा हेतू मुळीच नसतो. गोंदियाजवळच्या गोरेगावातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर म्हणून मामांची तीस वर्षे गेली, आणि त्या जगात नावे न दिलेली आकृती अपूर्ण समजली जाते. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी गोंदियाच्या एका कला महाविद्यालयात इलस्ट्रेशनच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मीही त्याच वर्गात आले होते. वैज्ञानिक पुस्तकांना चित्रकार हवे असतात आणि ते मिळत नाहीत, असे माझे अनुमान होते.

पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपला उद्देश सांगायचा होता. मुलांनी ॲनिमेशन, जाहिरात, गेम अशी उत्तरे दिली. मामा उठले, हात बांधून म्हणाले, "पुस्तकात पयल्या पानावर लिवलेलं असते न, चित्रं अमक्याची म्हणून, तिथं माहं नाव पायजे जी. बाकी काई नाई."

मामांना शिकवणे सोपे नव्हते. डिजिटल टॅबलेटवर काही खोडले की ते त्यावर फुंकर मारत आणि रबराचा चुरा झटकल्यासारखा पडद्यावरून तळहात फिरवत. चुरा नसतो, हे त्यांना पटले होते. हाताला पटत नव्हते. व्यक्तिरेखाटनासाठी एकदा महाविद्यालयाचा पहारेकरी समोर बसवला. मामांच्या कागदावर 'मिशी (डावी)' आणि 'मिशी (उजवी)' वेगवेगळ्या उतरल्या. पहारेकऱ्याने ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि तक्रार केली, "सब लिख दिया भैया, बस हमारा नामच नहीं लिखा." मामा इतके ओशाळले की त्यांनी तेथल्या तेथे शीर्षक बदलून दिले.

खरा संघर्ष गोष्टीच्या पुस्तकावरून झाला. विषय होता, जत्रेत हरवलेली मुलगी. मामांनी मुलगी सुरेख काढली आणि गालावरच्या थेंबाला बाण जोडून लिहिले: 'अश्रू'. आमच्या मॅडम वयाने त्यांच्या निम्म्या. त्यांनी शांतपणे समजावले, की दुःख चित्रातूनच कळायला हवे, ते लिहायचे नसते.

"अन नाई समजलं त?" मामांनी विचारले. "मंग अर्धा मार्क जाते न, मॅडम."

हा अर्धा मार्क मामांच्या प्रत्येक युक्तिवादाचा शेवट होता. तरीही दुसऱ्या वर्षापर्यंत मॅडमनी त्यांचे बाण सोडवले. मामा ते सोडत गेले, एखादा माणूस तंबाखू सोडतो तसे: अधूनमधून चोरून, कोपऱ्यात, बारीक अक्षरांत.

येथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. बारावीला मी मामांच्याच प्रयोगशाळेत होते. ज्याला आकृत्या जमत नाहीत, त्याने प्रात्यक्षिकाची वही मामांकडे ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी न्यायची, ही तिथली पद्धतच होती. मामा त्याबद्दल काही घेत नसत. माझ्या वहीतला जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद त्यांनीच काढलेला. पुढे या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी आठ चित्रे हवी होती आणि माझ्याकडे सात होती. मी वहीतले ते पान कापले, नावे आणि बाण रबराने पुसले आणि ते आठवे म्हणून जोडले. मामा त्याच वर्गात येणार आहेत, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. हे समर्थन कमकुवत आहे, याची मला जाणीव आहे. ते चित्र पुढे माझ्या संग्रहातून काढून टाकण्याची बुद्धीही मला झाली नाही, कारण ते माझ्या सर्व चित्रांत उत्तम होते.

अभ्यासक्रमाच्या अखेरीस नागपूरचे एक प्रकाशक आले. त्यांना जीवशास्त्राच्या कृतिपुस्तिकेसाठी एक चित्रकार हवा होता, आणि पहिल्या पानावर त्याचे नाव छापले जाणार होते. मामा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. नवीन शिकलात ते दाखवा, असे मॅडमनी सांगितले होते. म्हणून मामांनी आज्ञाधारकपणे बेडूक, झुरळ आणि सगळी फुले घरी ठेवली होती आणि हरवलेली मुलगी आणली होती. प्रकाशकांनी ती पाहिली, मान हलवली आणि पुढचा संग्रह उघडला. तो माझा होता.

जास्वंदीवर त्यांचा हात थांबला. "मला हाच हात पाहिजे. कोणी काढलंय?"

मी तोंड उघडले. त्यातून कोणते वाक्य बाहेर पडणार होते, हे मला आजही खात्रीने सांगता येत नाही. कारण मामा आधी बोलले.

"या पोरीचं होय जी. माह्यासमोरच काढलं तिनं."

प्रकाशकांनी माझे नाव लिहून घेतले. मामा पिशवी उचलून जिना उतरले. मी त्यांना सायकल स्टँडपाशी गाठले आणि तुमी खोटं काऊन बोलले, असे त्यांच्याच बोलीत विचारले.

"खोडलेले बान दिसतेत अजून," ते म्हणाले. "पयल्या दिवशी तुही चित्रं पायली, तवाच मी ओळखलं होतं."

"मग?"

मामांनी पिशवीचा बंद नीट केला. "तीस वरसं पोट्टे वह्या ठेवून जात, सकाळी घेऊन जात. कसं काढून रायलो, कोनी पायलं नाई. घरी माही बायको होती तवाबी नाई. तू एकटीच, पोरी. त्या दिवशी स्टुलावर बसून रायली होती, शेवटचा परागकोश होयेपर्यंत. मंग ते माह्या एकट्याचं कसं?"

मी परत वर गेले आणि प्रकाशकांना खरे सांगितले. त्यांनी डायरीतले माझे नाव खोडले आणि मामांचे लिहिले. मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. पुस्तिकेचे काम मामांना मिळाले आणि ते सध्या शेवटच्या प्रकरणावर आहेत.

मामांना मात्र मी एक गोष्ट सांगितलेली नाही, आणि सांगणारही नाही. बारावीच्या त्या दिवशी माझी गावाकडची बस साडेपाचला होती. प्रयोगशाळेत एकच पंखा चालू होता आणि त्याचा वारा त्या एका स्टुलावर येत होता. मामा जास्वंद काढत होते, आणि मी सारा वेळ भिंतीवरचे घड्याळ पाहत होते.