कुंदाताईच्या ग्रहावरची माणसं

कुंदाताई नव्या माणसाला नाव विचारत नाही, थेट त्याच्या नाकाला हात लावते. गल्लीत नवे बँक मॅनेजर राहायला आले, तर त्यांचं नाक दोन बोटांत धरून म्हणाली, "बरं हाय, पण डावीकडं कलतंय." बिचारे महिनाभर आरशासमोरून हलेनात, असं त्यांची बायको सांगत होती.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात तिची तीस वर्षं गेली. "काम कधी होणार?" म्हणून मालकानं विचारलं की उत्तर ठरलेलं, "बोटांना इचारून सांगते." मालक दोनदा बदलले, उत्तर तेच.

मी तिच्या शेजारचा, रोह्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर. गॅदरिंगला आम्ही परग्रहावरच्या माणसांचं नाटक बसवलं आणि सहा तोंडं करून दे म्हणून मी तिला गळ घातली. झाली माझी दशा! तिनं मला ओट्यावर आडवं पाडलं, नाकपुड्यांत सरबताच्या नळ्या खुपसल्या आणि तोंडभर प्लास्टर थापलं. मला हसू फुटायला लागलं तशी डोक्यात टपली बसली. "गप रव मेल्या, गाल बिघडंल!" मग त्या ठशात प्लास्टर ओतून माझं तोंड काढलं, त्यावर शाडूचं नवं तोंड घडवलं, त्याचा साचा काढला, साच्यात पातळ रबराचे थर दिले. वाळल्यावर अख्खं तोंड सालीसारखं सोलून काढलं. उंच कपाळ, कानापर्यंत गेलेल्या भुवया, आणि वरचा ओठ मधोमध दुभंगलेला. सहाही तोंडांचा तसाच.

हां, सांगायचं राहिलंच. कुंदाताईचा ओठ जन्मापासून तसा आहे. आम्हाला इतका सवयीचा, की ध्यानातच येत नाही.

नाटक बसवणारे आमचे साहेब तालमीला म्हणाले, "बाई, काम झकास. तेवढे ओठ नीट करून द्या. बघायला बरं नाही वाटत."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. कुंदाताई ढिम्म.

"त्या ग्रहावर समद्यांचे ओठ असेच हायत," ती म्हणाली. "ज्याचा अखंड निघतो ना, त्याला बघायला तिकडं गर्दी जमते."

"अहो, पण—"

"पण नाय नि बिण नाय. ओठ असेच राहतील. नायतर ही चालली तोंडं पिशवीत!" आणि खरंच भरायला लागली.

माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "साहेब, मग मीपण नाय नाटकात." बाकीचे पाचही माझ्यामागे उभे राहिले. नाटक परवावर आलेलं. साहेबांनी शेपूट घातलं.

नाटकाला शिट्ट्याच शिट्ट्या पडल्या. नंतर फोटोसाठी आम्ही सहाजण तोंडांसकट उभे राहिलो. एरवी कॅमेरा दिसला की कुंदाताईला नेमका शाडू भिजत घालायचा आठवतो. त्या दिवशी मात्र कुणी न बोलावता आली आणि कोपरानं ढकलत मधोमध उभी राहिली. मग समोर बघतच मला हळूच म्हणाली, "हसू का रे?"

साहेबांना गप्प करणारी बाई हसायची परवानगी मागत होती! मला रडूच फुटलं. "हस गो ताई," म्हटलं, "चांगली हस."

तो फोटो तिच्या खोलीत लावलाय. खोलीत ती एकटीच असते. परवा मी बसलो होतो, तेवढ्यात नवा दूधवाला दारातून फोटो बघून म्हणाला, "समदे एकाच घरचे का वो?"

"व्हय," कुंदाताई म्हणाली आणि दुधाला पातेलं पुढं केलं.