देवतळ्यांचं अजून नक्की नाही

गुलाबराव देवतळे देवाला एका हाताने नमस्कार करायचे. आमच्या ऑफिसच्या फाटकाजवळ कडुलिंबाखाली मारुतीचं एक ठेंगणं देऊळ होतं. सकाळी देवतळे तिथे सायकलवरून उतरत, उजवा हात छातीशी नेत आणि डाव्या हाताने हँडल धरून ठेवत. मी नवा होतो. मला वाटलं, सायकलला स्टँड नसेल. स्टँड होता. शेवटी एकदा विचारलंच.

"दोन्ही हात जोडले म्हणजे तो आहे असं कबूल केल्यासारखं होते गा," ते म्हणाले. "अन् ते अजून नक्की नाही."

"मग एक तरी कशाला?"

"अन् असला तर?"

एवढं बोलून ते सायकल ढकलत आत गेले. नागपुरात माझी नोकरी अशी सुरू झाली. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली, पण त्यांचं उत्तर काही पुढे सरकलं नाही. गंमत म्हणजे आडनावातच देव. पण आडनाव बापाचं, मत आपलं, असं ते म्हणत.

आमच्या सेक्शनमध्ये या विषयावर दोन बाजू होत्या. एका बाजूला पाठक. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या ते उपास करायचे, आणि त्या दिवशी त्यांचा डबा इतरांपेक्षा जड असायचा. दुसऱ्या बाजूला रामटेके. ते म्हणायचे, "छप्पन साली दीक्षा घेऊन माझ्या बापानं हा प्रश्न एकदाचा मिटवला. मी तेव्हा शाळेत होतो. तेव्हापासून आमच्या घरी सकाळचा भरपूर वेळ वाचतो. तुम्हीही मिटवून टाका, देवतळे."

दुपारच्या सुट्टीत दोघंही देवतळ्यांना आपल्याकडे ओढत. देवतळे भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून दोघांचं सारख्या लक्षानं ऐकत. पाठकांना म्हणत, "हे पटते." मग रामटेक्यांना म्हणत, "हेही पटते." त्यामुळे दोघंही त्यांच्यावर सारखेच चिडून असत. पाठक मला एकदा म्हणाले, "नास्तिक परवडला हो. तो निदान भांडतो तरी. हा माणूस हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, नुसता जेवत बसतो."

पाठकांकडे दरवर्षी सत्यनारायण असे. देवतळे वेळेवर येत, पाचही अध्याय मांडी न हलवता ऐकत आणि प्रसाद दोनदा घेत. एकदा पाठकांनी मोठ्या आशेनं विचारलं, "काय, पटली का कथा?"

"शिरा पटला," देवतळे म्हणाले.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. शहरात कोणी महाराज आले, की मांडवात पुढे बसून ते हा प्रश्न विचारत. देव नाही असं सांगणारे कोणी वक्ते आले, की सीताबर्डीच्या सभागृहातही तोच विचारत. दोन्ही ठिकाणी एकेकदा मला बरोबर नेलं होतं, म्हणून सांगतो. प्रश्न असा: दोन माणसं एकाच दिवशी, एकाच देवाला, एकच गोष्ट मागतात. एकाला मिळते, दुसऱ्याला मिळत नाही. मग देणारा काय पाहून देतो?

महाराज म्हणाले, मागच्या जन्मीचं संचित पाहून. देवतळे म्हणाले, "अन् मांगणं लहान लेकरासाठी असन तर? त्याचं मागचं पाहाचं का मायबापाचं?" स्वयंसेवकांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

वक्ते म्हणाले, देणारा कोणी नाहीच, सगळा योगायोग. देवतळ्यांनी मान हलवली. "मानलं. पण ज्याले भेटलं त्यानं आभार कोणाचे मानाचे?" वक्ते हसून म्हणाले, निसर्गाचे माना. देवतळे म्हणाले, "मानतो जी. पण जाऊ कुठं? त्याचं देऊळ नाही." सभागृह हसलं. देवतळे हसले नाहीत. खुर्चीत बसून राहिले, आणि घरी जाताना सायकलवर बसलेच नाहीत. ती हातात धरून चालत गेले.

घरीही हेच. त्यांच्या पत्नी, कमलाताई, माझ्या बायकोला सांगायच्या, "दिवा मी लावते, अन् त्यातलं तेल संपलं का ते पाहाले हे. वात सरकवतात, वारा आला तर हात आडवा धरतात. पण हात जोडा म्हटलं का झालं यांचं सुरू."

माझं स्वतःचं म्हणाल, तर मला या विषयावर विचार करायला सवड नव्हती. घरी आईचा दमा, धंतोलीच्या डॉक्टरकडे खेपा, दोन मुलांच्या शाळा. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत देव असला काय आणि नसला काय, कोणीतरी चहा दिला तरी पुरे, अशी स्थिती असायची. देवतळ्यांचं ते "अजून नक्की नाही" ऐकून ऐकून मला त्यात गंमतही वाटेनाशी झाली. माणूस एखादा प्रश्न इतकी वर्षं नुसता वागवतो कशाला, असं वाटायचं.

मग त्यांच्या मुलीचं, सुलभाचं, लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. मे महिना, त्यात नागपूरचा. पत्रिका छापून आल्या तसे देवतळे माझ्याकडे आले. म्हणाले, "वसंता, रविवारी तुझी स्कूटर पाहिजे. अन् चालवाले तूही पाहिजे." कमलाताईंची आज्ञा होती, की पहिली पत्रिका कोराडीच्या देवीपुढे ठेवायची. त्याशिवाय दुसरी कोणाच्या घरी जाणार नाही.

आम्ही सकाळीच निघालो, तरी ऊन आमच्या आधी निघालं होतं. डोक्याकानाला दुपट्टे बांधून दोघं स्कूटरवर. देवतळ्यांच्या पिशवीत पत्रिका, नारळ आणि देवीच्या ओटीचं सामान. कोराडीचा फाटा आला तसा मी वेग कमी केला. मागून आवाज आला, "थांबू नको. पुढे घे."

"देऊळ इकडे आहे."

"माहीत आहे मले. सावनेरले चाल."

पाटणसावंगीला एका चहाच्या टपरीसमोर झाड दिसलं, तिथे मी स्कूटर थांबवली आणि म्हणालो, "देवतळे, आता सांगा. सावनेरला कोण आहे?"

त्यांनी चहा बशीत ओतला. तो निवला तरी प्यायले नाहीत. मग सांगितलं.

सुलभा चार वर्षांची असताना तिला घटसर्प झाला. घसा आतून बंद होत आला होता. मोठ्या दवाखान्यात नेलं. शेजारच्या खाटेवर सावनेरचा एक मुलगा होता, गणेश. त्याचा बाप तिकडच्या कोळशाच्या खाणीत होता. तोच आजार, तेच डॉक्टर, तीच औषधं. मुलाच्या आईचं नाव पार्वताबाई. तिनंच देवतळ्यांना सांगितलं, भाऊ, कोराडीच्या देवीले नवस बोला. तिनं ओटी बोलली, देवतळ्यांनीही बोलली. दोघं व्हरांड्यात शेजारी शेजारी उभे राहून, कोराडी ज्या दिशेला आहे तिकडे तोंड करून बोलले.

"दोन्ही हात जोडून बोललो होतो तवा," देवतळे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी सुलभानं पाणी मांगितलं. अन् गणेश गेला."

मी माझा चहा खाली ठेवला.

"ओटी भराले निघालो होतो, वसंता. एस.टी.त बसलो. कंडक्टर कोराडी, कोराडी ओरडला. मले उठताच नाही आलं. उतरून देवीचे आभार मानले असते, तर मंग त्या बाईच्या पोराचं काय, तेही तिलेच विचारावं लागलं असतं. अन् ती नाहीच म्हणावं, तर माझी पोरगी समोर खेळून राहिली होती. तसाच बसून सावनेरले गेलो. त्याच्या नंतर दरवर्षी जातो."

"कमलाताईंना माहीत आहे?"

"तिनं कधी विचारलं नाही. कोराडीचा प्रसाद मांगते, तर येताना देवळाच्या फाटकापासच्या दुकानातून घेऊन येतो."

पार्वताबाईंचं घर सावनेरच्या कडेला होतं. दोन खोल्या, पुढे तट्ट्याचा आडोसा. नवरा गेला होता. त्या एकट्याच राहायच्या आणि दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला, निंदायला जायच्या. देवतळ्यांना पाहून त्यांनी आधी पाणी आणलं, मग माझ्याकडे पाहून त्यांना विचारलं, "अन् हे कोण जी?" वय झालेलं, पाठीला थोडं पोक, आवाज मात्र खणखणीत.

देवतळ्यांनी पिशवीतून पत्रिका काढली. हळदकुंकवाची बोटं लावलेली. दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरली. म्हणाले, "सुलभाचं लग्न आहे, बाई. तुमी आल्याशिवाय अक्षता पडणार नाही."

पार्वताबाईंनी पत्रिका घेतली. वाचता येत नव्हतं, तरी पुष्कळ वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "देवीले देली?"

"पहिली तुमाले."

"असं काहून करता भाऊ तुमी? पहिली देवीची असते. जाताना तिच्यापुढे ठेवा. नाहीतर मी येत नाही लग्नाले."

देवतळे शाळकरी पोरासारखे मान खाली घालून "बरं" म्हणाले. ज्या माणसाला पाठक आणि रामटेके मिळून एक इंच हलवू शकले नव्हते, तो कुडाच्या घरात एका वाक्यात कबूल झाला.

मग त्यांनी आम्हाला पन्हं दिलं. नवरा मुलगा काय करतो, हिंगण्याच्या कारखान्यात म्हणजे पाळ्या असतील, पोरीला रात्री एकटं वाटेल, असं बरंच बोलणं झालं. आम्ही निघायला उठलो, तेव्हा त्या दाराशी आल्या. उंबऱ्यावर हात ठेवून, भाजीचा भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, देवी हाय ना? माहा गणेश तिच्यापाशीच असन ना?"

माझं लक्ष देवतळ्यांकडे गेलं. इतकी वर्षं मी त्यांचं उत्तर ऐकत आलो होतो.

"आहे ना बाई," ते म्हणाले. "तिच्यापाशीच आहे."

"तुमाले ठाऊक असन. तुमचं तं ऐकलं तिनं."

"हो," देवतळे म्हणाले.

परतताना कोराडीला मी न विचारता स्कूटर वळवली. देवतळे बाहेरच थांबले. मी आत जाऊन दुसरी पत्रिका, नारळ आणि ओटी देवीपुढे ठेवली आणि बाहेर आलो. ते फाटकाशी सावलीच्या एका पट्ट्यात बसले होते, दुपट्टा सोडून मांडीवर ठेवलेला. फार थकलेले दिसले. मीही थकलो होतो, त्यामुळे असेल, नको तो प्रश्न तोंडून गेला.

"तुम्ही त्यांना आहे म्हणालात."

"दरवर्षी म्हणतो."

"म्हणजे त्यांची श्रद्धा मोडू नये म्हणून."

देवतळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते. मोठा मुलगा धाकट्याकडे पाहतो तसं पाहिलं.

"तिचा भरोसा पक्का असता वसंता, तर तिनं मले विचारलं असतं का? दरवर्षी विचारते. दाराशी येऊन, मी निघाल्यावर विचारते. वर्षभर पुरन असं उत्तर पाहिजे असते तिले."

मग त्यांनी दुपट्टा झटकला आणि पुन्हा डोक्याला बांधू लागले. गाठ बसेना, म्हणून मी मागून बांधून दिली. अजून बऱ्याच पत्रिका वाटायच्या होत्या. आम्ही नागपूरच्या रस्त्याला लागलो.