नानांच्या गळ्यातला पट्टा

नाना गळ्यात कुत्र्याचा पट्टा घालून पनवेलच्या बाजारातून हिंडत. नगरपालिकेच्या पितळी बिल्ल्यासकट! शेजारी त्यांची पांढरी पॉमेरेनियन, सोनी, उघड्या गळ्याने.

कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसाला हे शोभतं का, असं मी त्यांचा शेजारी असूनही तोंडावर विचारलं होतं.

"हिच्या जातीची श्वासनळीच लेचीपेची," नाना म्हणाले. "पट्टा आवळला की गुदमरते. आधी घसा, मग कायदा!"

हे वाक्य ते बाजारात दिसेल त्याला ऐकवत.

मला संताप यायचा तो ही जात पैदा करणाऱ्या शौकिनांचा. दिवाणखान्यात शोभावी म्हणून एवढीशी केली, आणि भोगायचं हिनं! चालताना गुडघ्याची वाटी सरकली की मागचा पाय उचलून उभी. दात हलतात, म्हणून मऊ भात. जरा आनंद झाला की बदकासारखा आवाज काढत खोकणार. मग नाना भर रस्त्यात उकिडवे बसून तिचा गळा चोळणार आणि टांगे खोळंबणार.

अशात एक पिसाळलेलं कुत्रं शाळेतल्या पोराला चावलं. बिनपट्ट्याची कुत्री उचला, असं पत्रक घोषणा देत मीच वाटलं. त्यातला एक शब्द आजही मागे घेत नाही.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचा धर्मा लोखंडी चिमटा घेऊन मासळीबाजारात सोनीसमोर उभा राहिला. तो चिमटा कुत्र्याचा गळाच पकडतो.

"नाना, बाजूला व्हा. बिल्ला कुत्रीच्या गल्यात पायजे, तुमच्या नाय."

"मग मला पकड!" नानांनी मान पुढे केली.

कुणीतरी हसलं. चिमटा उघडला. सोनीला घाबरून उबळ आली. जीभ निळी पडली. नाना खाली बसून तिचा गळा चोळू लागले.

"धर्मा, ती मरेल!" मी ओरडलो.

"पत्रक तुमीच वाटलंत ना? मंग आमच्यावर कशाला वरडता?"

सवयीने घोषणाच तोंडातून निघाली, "आधी घसा!"

"मग कायदा!" टोपल्यांमागून कोळणी गरजल्या.

धर्माने कपाळावर हात मारला. "उचलून न्या तिला, नाना. परत खाली दिसली तर आयकनार नाय."

घरी पोचेपर्यंत नानांनी तिला खाली ठेवलं नाही. ओटीवर खोकला चालूच.

"एवढ्या आवाजात तुम्हाला झोप कशी लागते?" मी वैतागून विचारलं.

नाना गळ्यातलं बकल सोडवत होते.

"आमच्या हिला दमा होता. ती गेली आणि घर गप्प झालं," ते म्हणाले. "तेव्हा लागत नव्हती."