पंपाचा काही दोष नव्हता

"आज संध्याकाळपर्यंत नळाला पाणी आलं नाही, तर उद्या मी बहिणीकडे निघाले, आल्बुकर्कीला," डेल्फीना नवऱ्याला म्हणाली. ती ओरडली असती तर एलॉयला बरं वाटलं असतं. पण ती मिरच्या भाजत होती आणि मान वर न करता, शांतपणे बोलली.

ताओस गावाच्या पलीकडच्या त्या माळावर विजेची तार आलेली नाही. एलॉयच्या घरातले दिवे आणि फ्रिज सोलरवर चालत. दोन इन्व्हर्टर जोडीने एकशे वीस व्होल्ट देत. बोअरच्या पंपाला मात्र दोनशे चाळीस लागत, म्हणून त्याला वेगळा जनरेटर होता. तो बंद पडल्यापासून डेल्फीना गावातून पिकअपमध्ये टाकी भरून पाणी आणत होती आणि एलॉय दुरुस्ती करत होता.

जनरेटर काही सुधारला नाही. शेवटी त्याने ठरवलं, दोन्ही इन्व्हर्टरच्या तारा वेगळ्या करायच्या आणि दुसऱ्याची लाट पहिल्याच्या उलटी लावायची, म्हणजे दोघांचे मिळून दोनशे चाळीस होतील. सकाळी त्याने तारा बदलल्या, दुसऱ्या इन्व्हर्टरची बटणं दाबून सेटिंग बदललं आणि पंपाचा खटका ओढला.

पंप गप्प.

एलॉयने मीटर लावला. पहिल्या तारेत एकशे वीस, दुसऱ्या तारेतही एकशे वीस.

"वीज चोख आहे, दोन्ही तारांत एकशे वीस," त्याने जड आवाजात जाहीर केलं. "पंप गेला. जनरेटरने मरताना त्यालाही सोबत नेलं."

शेजारचा वेंडेल ट्रक घेऊन आला. दोघांनी पंप बोअरमधून वर ओढला. पाइप इतका लांब निघाला, की तो अंगणातून जाऊन डेल्फीनाच्या मिरच्यांच्या वाफ्यावर आडवा झाला. ती खिडकीतून बघत होती. एलॉयने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"फेकण्याआधी माझ्या जनरेटरवर लावून बघू, गड्या," वेंडेल म्हणाला.

पंप कोरडा चालवायचा नसतो, म्हणून त्यांनी तो पिकअपमधल्या टाकीत सोडला. वेंडेलने जनरेटर सुरू केला. पाइपाच्या दुसऱ्या टोकाने एक उसळी मारली आणि डेल्फीनाने सकाळीच आणलेलं सगळं पाणी वाफ्यावर, वेंडेलवर आणि त्याच्या ट्रकच्या उघड्या खिडकीतून आत जाऊन पडलं.

"पंप उत्तम आहे," वेंडेल तोंड पुसत म्हणाला.

डेल्फीना बाहेर आली. तिने रिकामी टाकी बघितली आणि टाकीच्या काठावर बसली.

"एका तारेत एकशे वीस," ती म्हणाली. "दुसरीतही एकशे वीस. आणि दोन्हींच्या मध्ये किती?"

"दोनशे चाळीस. दुसरं काय असणार?"

"मोजलंस?"

एलॉयने मोजलं. मीटरवर शून्य आलं. त्याने मीटर झटकला. तरी शून्यच.

"दोघं एकाच तालात चाललेत," तो हळूच म्हणाला. "एक वर जाताना दुसऱ्याने खाली यायला हवं."

"म्हणजे मोठी करवत दोन्हीकडून धरायची आणि दोघांनी एकदमच ओढायची."

"तसंच काहीसं."

"सेटिंग बदललंस ना?"

"बदललं की. ते परत जुन्यावर गेलेलं दिसतंय."

"मशीन बंद करून बदललंस का चालू ठेवून?"

एलॉय आत गेला, आधी दोन्ही मशीन बंद केली, सेटिंग बदललं आणि पुन्हा सुरू केली. या वेळी मीटरने दोनशे चाळीस दाखवले. मग त्याने आणि वेंडेलने पंप आणि तो लांबलचक पाइप पुन्हा बोअरमध्ये उतरवला. सूर्य टेकडीला टेकला होता तेव्हा स्वयंपाकघरातला नळ आधी खोकला, मग लालसर आणि मग स्वच्छ वाहू लागला. डेल्फीनाने त्याखाली दोन्ही हात धरले आणि तशीच उभी राहिली.

"आता नाही ना जाणार?" एलॉयने विचारलं.

"आधी केस धुऊ दे. मग सांगते."

वेंडेल दारात ओले बूट काढत होता. "माझ्याकडेही असंच करायचंय. पुढच्या आठवड्यात."

"येतो की मी," एलॉय उत्साहाने म्हणाला.

"ये ना," वेंडेल म्हणाला. "पाइप ओढायला माणूस लागेलच. पण आधी डेल्फीनाला विचार, तिला कधी वेळ आहे."