कळंब्याच्या फलकावर वल्लरीबाईंचे नाव चढले त्याची हकीकत

श्री अंबाबाई प्रसन्न. शके १९४६, मार्गशीर्ष मासी, कळंब्याचे मंगल कार्यालयी विजेच्या फलकाशी तुंबळ युद्ध जाहले, त्याची हकीकत ऐसी जे: वल्लरीबाईंचे लग्न आजऱ्याचे राजस यांजशी योजिले, आणि मुहूर्तास दोन घटका उरल्या असता वधूपिते सयाजीराव वर पाहतात, तो दारावरील फलकी कालचीच नावे धावताहेत, ‘ऋतुराज आणि तेजस्वी’! वरपिते विजयसिंहराव तो मोठे मानी, पत्रिकेत नाव बारीक छापिले म्हणोन साखरपुड्यात भरल्या ताटावरून उठलेले, आणि त्यांची बस आता पोचणार. सयाजीरावांनी कार्यालयात हाका मारिल्या.

मग कार्यालयाचे कारभारी जोतीराम यांणी अर्ज केला, “पावणं, आमचा कॉम्प्युटर बंद पडलाय. पण मोबाईल जोडून बी हुतंय की,” आणि एक केबल व एक अडॅप्टर पुढे ठेविले.

तेव्हा वधूचे काका, राजमान्य राजश्री प्रोफेसर अभिरामपंत, यांस पाचारण जाहले. पंत असल्याच यंत्रांची विद्या बावीस वर्षे कॉलेजात एकाच वहीतून सांगत आले. यंत्रास हात लावण्याचा प्रसंग मात्र ईश्वराने आणिला नव्हता. परंतु पाव्हण्यांदेखत नाही कैसे म्हणावे? मग शिडीवर चढले, केबलीचे एक टोक फलकात, दुसरे अडॅप्टरात, आणि अडॅप्टर मोबाईलात खोविले. मोबाईल हूं की चूं करीना. मग काढून फुंकर मारिली, मग मोबाईल बंद करून चालू केला, मग देवाचे नाव घेतले, आणि सर्व व्यर्थ गेल्यावर फर्माविले की फलकाच्या पोटातील कार्डच फितूर आहे.

इतक्यात बस आली. सयाजीरावांनी बँडवाल्यांस हुकूम केला की पाव्हण्यांस रस्त्यावरच नाचवीत ठेवावे.

तेसमयी पंतांचे कुटुंब श्यामलाबाई शिडीखाली येऊन बोलिल्या, “अहो, ही वायर नुसती चार्जिंगची हाय. हिच्यातनं करंट जातोय, अक्षरं न्हाय जात.” बाईंचे घरी भरतकामाचे मशीन, मोबाईलातून त्यात रोज नक्षी घालीत, सबब खरी केबल पर्समध्येच होती. ती वर दिली. पंतांनी “मी तेच म्हणत होतो” ऐसे म्हणोन जोडिली. मोबाईलाने परवानगी पुसली, पंतांनी ती देऊन नवी नावे लिहिली, आणि ‘राजस आणि वल्लरी’ ऐसी तांबडी अक्षरे धावू लागली. विजयसिंहराव नाचता नाचता थबकले, दोनदा वाचिले, आणि संतोष पावले.

मग अक्षता पडल्या, आणि पंतांस शाल-श्रीफळ अर्पण जाहले, आणि पंतांनी तंत्रज्ञानावर अर्धा तास भाषण करून पंगत खोळंबविली. एवंच, फत्ते अभिरामपंतांची जाहली, ऐसे दप्तरी नमूद केले. श्यामलाबाईंचेही नाव लिहावे काय, म्हणोन लेखकाने पंतांस पुसले. हुकूम आला: जागा पुरणार नाही.