ग्रंथालय सापडले नाही

उत्तरेतल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळाने ढुंढिराजशास्त्रींचा घनपाठ ध्वनिमुद्रित करण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. घनपाठ म्हणजे वेदातले शब्द पुढे-मागे, मागे-पुढे फिरवत म्हणणे. मंडळात तो आता फक्त शास्त्रींना येतो. सोमवारी त्यांच्या घशाचे ऑपरेशन होते आणि नंतर आवाज राहील, अशी हमी डॉक्टर देईनात.

मंडळाचा संगणक लिनक्सवर चालतो, कारण ते फुकट मिळते. बँकेतल्या प्रसन्नने ते बसवले आणि मंडळाच्या भाषाधोरणानुसार सगळे मराठीत करून ठेवले. शनिवारी शास्त्री माइकपुढे मांडी घालून बसले, प्रसन्नने बटण दाबले आणि पडद्यावर उमटले: 'आवश्यक ग्रंथालय सापडले नाही.'

मी मंडळाच्या ग्रंथालयाचा कार्यवाह. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुर्गाघाटच्या गल्लीत आमचे ग्रंथालय आजोबांच्या काळापासून उभे आहे, आणि हा कालचा डबा म्हणतो सापडले नाही!

"काका, ये वो वाली लायब्ररी नहीं है," प्रसन्न म्हणाला.

अध्यक्षा मालविकाताईंनी त्याला मंडळात मराठीतच बोलण्याची समज दिली. बिचाऱ्याने प्रयत्न केला. आवाज भरणाऱ्या प्रोग्रामला आणखी एक छोटा प्रोग्राम मदतीला लागतो, तो या संगणकात नाही, एवढे त्याने नीट सांगितले. त्या मदतनिसाला म्हणतात काय, असे ताईंनी विचारले.

"ग्रंथालय," तो म्हणाला. "पण ते ग्रंथालय म्हणजे ग्रंथालय नाही."

असले वाक्य माझ्या कारकिर्दीत इतिवृत्तात गेलेले नाही. ताबडतोब उपसमिती नेमली. ग्रंथालयाची पाटी लहान म्हणून सापडत नसेल, या तर्काने मोठी पाटी लावली. तरी नाही. मग संगणकच ग्रंथालयात न्यायचे ठरले. वाटेत गल्लीत सांड आडवा बसला होता, त्याच्या सोयीने पोहोचलो. पडदा पुस्तकांच्या कपाटाकडे तोंड करून ठेवला. पुन्हा तेच. शास्त्री गरम पाण्याचे घोट घेत बसले होते. मध्येच त्यांनी "म्हणू का?" असे विचारले. मी म्हटले, थांबा, आधी या डब्याची जिरवू.

रविवारी प्रसन्नने गुपचूप संगणक इंग्रजीत वळवला, एक ओळ टाइप केली, हवे ते उतरवून घेतले आणि ध्वनिमुद्रण सुरू केले. शास्त्री माइकपुढे बसलेच होते. ग्रंथालय सापडले, तेव्हा अभिनंदनाचा ठराव आलाच. पण सापडले ते कोणते, असे मी विचारले आणि वाद पेटला. ग्रंथालय आहे ते नाही, नाही ते ग्रंथालय आहे, आहे ते ग्रंथालय नाही. तोवर इस्पितळात भरती व्हायची वेळ झाली. शास्त्री उठून गेले.

ऑपरेशन उत्तम झाले. आवाज गेला.

ध्वनिमुद्रणात आमची बैठक तेवढी होती. शब्द पुढे-मागे फिरतातच आहेत, मग हरकत काय, असे ताई म्हणाल्या. शास्त्रींना ऐकवले. त्यांचे डोळे भरून आले आणि ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मी संमती म्हणून नोंद केली.

'दुर्मीळ घनपाठ' या नावाने ती बैठक आम्ही ग्रुपवर टाकली. भराभर अंगठे आले. 'अंगावर काटा आला' असेही एकाने लिहिले. ते लिहिणारे आपणच, म्हणून हे आभारपत्र. मंडळ आपले आभारी आहे.